मुंबईच्या भट्ट्या आणि कढया



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, बडतर्फी आणि संप यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'बेकऱ्या आणि मिठाईची दुकाने' असे कळविले, तर त्यांनी दुसऱ्यांदा फोन करून खात्री करून घेतली. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीतल्या पुष्कळ मुलांची शाळा सुटली, तशी माझीही सुटली आणि मी एका बेकरीत पत्रे पुसण्याच्या कामाला लागलो. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पंडिताचे नाही. मुंबई शहर भट्टीच्या मागल्या दाराने पाहिलेल्या माणसाचे आहे.

आपण मुंबईस जाता, धोबीतलावावर उतरता. तेथे कयानी आहे, १९०४ सालचे. जवळच ससानियन आहे, ते १९१३ चे. ग्रँट रोड स्टेशनासमोर १९१४ साली बी. मेरवान सुरू झाले आणि त्याच्या मावाकेकने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना पहाटे रांगेत उभे केले. ही सारी इराण्यांची दुकाने. इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून झरतुष्ट्री लोक गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात आणि नंतरही मुंबईस येत राहिले. आपले व्यापारी कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून टाळीत, ती इराण्यांनी घेतली असे सांगतात. खरेखोटे कोणास ठाऊक, पण कोपऱ्यावरच्या दुकानास दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक मिळते एवढे तर कोणीही सांगेल! पारसी डेअरीचे दुकान प्रिन्सेस स्ट्रीटवर १९१६ पासूनचे. गोव्याच्या कार्व्हालो कुटुंबाने १९०८ साली काढलेली अमेरिकन एक्सप्रेस बेकरी भायखळ्याची.

गोवेकरांचे नाव आले म्हणून सांगतो. पाव हा शब्दच पोर्तुगीज. पायाने कणीक तुडवितात म्हणून 'पाव', असे आमच्या लहानपणी मोठी माणसे घृणेने सांगत. त्यात अर्थ नाही. पोर्तुगीज भाषेत भाकरीला जे नाव आहे तेच आपल्या तोंडी 'पाव' झाले. गोव्यात भट्टीवाल्यास पोदेर म्हणतात. त्या काळी खमिराची पुडी मिळत नव्हती, तेव्हा माडाची माडी घालून पीठ फुगवीत. हेच पोदेर मुंबईस आले आणि त्यांनी इथल्या ख्रिस्ती वस्त्यांना पाव पुरविला.

आणि हा पाव हिंदू घरांत सहजासहजी शिरला नाही. विहिरीत पाव टाकला म्हणून सारे गाव बाटले, या गोष्टी कोकणात अजून सांगतात. १८४९ साली दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडावयाचा, पण गुप्तपणे. सभासद होणाऱ्याने काय करावयाचे? तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयाचा. सुशिक्षित, सरकारी नोकरीत असलेली माणसे बंद दाराआड पावाचा तुकडा तोंडात घालीत आणि ती मोठी क्रांती ठरे. पुढे सुमारे १८६० मध्ये सभासदांची यादीच चोरीस गेली आणि नावे फुटतील या भयाने सभा मोडली. पुण्यास १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल केवढे वादळ उठले, आणि टिळक-रानड्यांपर्यंत ते कसे पोहोचले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. आज शाळकरी पोर त्याच पावात बटाटावडा घालून रस्त्याने खात जाते. हा फरक कोणा एका सुधारकाने केला नाही. गिरणीच्या पाळीने केला, लोकलगाडीने केला. ज्याला पहाटे सातच्या पाळीला जावयाचे आहे आणि ज्याच्या खोलीत दहा माणसे राहतात, त्याला चूल पेटवून भाकरी थापावयास सवड कोठली?

मिठाईचे तसे नव्हते, आणि हा भेद मला मोठा बोलका वाटतो. तुपात तळलेले, दुधात आटवलेले अन्न हलवायाच्या हातचे चालत असे. म्हणून हलवाई भर बाजारात, देवळाच्या दाराशी बसला आणि पाववाला गल्लीच्या टोकाशी राहिला. मुंबईची मिठाई पाहावयाची तर गिरगावात पणशीकरांकडे पीयूष घ्यावे, माहीमला जाऊन दोन कागदांमध्ये ठेवलेला तो पातळ हलवा पाहावा, रमझानात मिनारा मशिदीजवळ रात्री जावे आणि तव्याएवढा मालपुवा पाहावा. चंदू हलवाई यांचे दुकान १८९६ साली कराचीत निघाले आणि फाळणीनंतर मुंबईस आले. जो रबरासारखा चिवट, रंगीत हलवा कोणी कराची हलवा म्हणून विकतो, तोच दुसरीकडे बॉम्बे हलवा या नावाने विकला जातो. दोन देश झाले, पण हलवा कोणाचा याचा निकाल अजून लागावयाचा आहे.

आता काउंटर ओलांडून आपण आत जाऊ.

लाकडाची भट्टी म्हणजे विटांची एक घुमटी खोली. आत जाळ करावयाचा, विटा तापवावयाच्या, आणि त्या विटांच्या धगीवर माल भाजावयाचा. रात्री भट्टी कडक असते तेव्हा लादीपाव आणि ब्रून. पाव निघाला की धग उतरू लागते. मग खारी, नानखटाई, बिस्किटे. सर्वांत शेवटी, मंद धगीत, टोस्ट आणि आपण चहात बुडवतो ते जिऱ्याचे बटर सुकत पडतात. म्हणजे एकाच जाळावर चार-पाच माल निघतात, आणि कोणता माल केव्हा आत सारावयाचा हे भट्टीवाला तापमापकावरून ठरवीत नाही. मी ज्या उस्तादाच्या हाताखाली होतो तो भट्टीच्या तोंडाशी चिमूटभर मैदा टाकी आणि तो किती वेळात तांबडा पडतो ते पाही. लांब दांड्याच्या फळीने तीन-साडेतीन हात आतला पत्रा तो न पाहता उचली. या विद्येला प्रमाणपत्र नाही. पगारपत्रकात तो 'हेल्पर' होता.

मुंबईच्या बेकऱ्यांत असे कारागीर बव्हंशी उत्तर प्रदेशातले, त्यांतही आझमगडकडचे पुष्कळ. रात्री नऊ-दहाला मळणी सुरू होते, पहाटे चारला सायकलवाले लादी घेऊन बाहेर पडतात. दिवसा कारागीर झोपतो कोठे? भट्टीवरच्या माळ्यावर. खाली धग, वर पत्रा, हवेत मैदा. मैद्याच्या भुकटीने दमा होतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. १७०० साली रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने धंद्याधंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाववाल्यांचे प्रकरण आहे आणि पिठाच्या धुळीचा उल्लेख आहे. म्हणजे सव्वातीनशे वर्षे हे माहीत आहे. १८६२ साली लंडनच्या भट्टीकामगारांची सरकारी चौकशी झाली; तिचा अहवाल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात भरपूर वापरला. मी तो भाग प्रथम वाचला तेव्हा मला लंडन दिसेना, आमचाच माळा दिसू लागला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने भट्टीकामगाराचा दिवस १० तासांचा आणि आठवडा ६० तासांचा केला, तर १९०५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला. कारण काय दिले? कामगाराच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते! १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने रात्रीच्या पाव भाजण्यावर बंदी घालणारा करार संमत केला. भारताने त्यास मान्यता दिली नाही. लोकांना सकाळी ताजा पाव हवा, हे मलाही कळते. पण रात्रपाळी म्हणून जास्तीचे दाम द्यावे, एवढे तरी?

कायद्याचे म्हणाल तर तो आकड्यांवर चालतो. कारखाना म्हणावयास पूर्वी यंत्रशक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार लागत. आता ती मर्यादा २० आणि ४० झाली आहे. दुकानांचा २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा मुळात १० वा अधिक माणसांच्या आस्थापनेस लागत असे. तेव्हा बेकरीच्या कागदावर माणसे किती, असे आपण मला विचाराल तर मी न पाहता सांगेन, नऊ.

एक प्रकरण सांगतो. बेकरीचे नाव सांगत नाही. एका कारागिराचा हात कोपरापर्यंत भाजला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली आम्ही दावा लावला. मालक म्हणाला, हा मनुष्य माझ्याकडे नव्हताच, रात्री झोपावयास येई. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, सोबतचे कारागीर घाबरून मुलुखाला गेलेले. तीन महिने मला काही सुचेना. शेवटी शेजारच्या चहावाल्याची उधारीची वही मिळाली. त्या वहीत, चौदा महिने, रोज रात्री अडीच वाजता, 'बेकरी, चहा ६' आणि समोर चहा नेणाऱ्याची सही म्हणून आमच्या माणसाचे नाव. झोपावयास येणारा मनुष्य अडीचला सहा चहा घेऊन कोणासाठी जातो, असे आमच्या वकिलांनी विचारले. दावा मिळाला. हात पुरता वळला नाही तो नाहीच.

मिठाईच्या कारखान्यातही फार निराळे नाही. पाच लिटर दुधाचा सुमारे एक किलो खवा होतो, आणि तो खाली लागू नये म्हणून कढईशी एक मनुष्य सतत उलथने फिरवीत उभा असतो. पाक एकतारी झाला की दोनतारी, हे तो दोन बोटांत धरून पाहतो. बोटांना घट्टे पडलेले असतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्याला दिवसरात्र कळत नाही आणि दिवाळी झाली की त्यातल्या निम्म्यांना 'गावी जाऊन या' असे सांगतात. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे ती तारीख लावण्याचा नियम झाला. चांगला नियम आहे. बर्फीला तारीख आली. कारागिराच्या नेमणुकीला अजून तारीख नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात आदेश दिला, की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे. महापालिकेने नोटिसा काढल्या. मालकांनी मुदत मागितली, वर्तमानपत्रांत जुन्या पावाची चव जाणार म्हणून हळहळणारे लेख आले. माझे मत विचाराल तर चवीसाठी मी धुराची बाजू घेणार नाही. भट्टीत ओंडके थोडे आणि मोडक्या फर्निचरचे, रंग-रोगण लावलेले भंगार लाकूड पुष्कळ जळते, कारण ते स्वस्त. त्याचा धूर चिमणीतून शेजाऱ्याकडे जाण्यापूर्वी माळ्यावर झोपलेल्याच्या छातीत जातो. भट्टी बदललीच पाहिजे.

पण बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा? मोठ्या बेकरीला बँक कर्ज देईल. लहान बेकरी पागडीच्या जागेत असते; गॅसची नळी आणावयास जागामालकाची संमती लागते, आणि तो मनात इमारत पाडण्याचा हिशेब करीत असतो. अशी बेकरी बंद पडली तर मालकास जागेचे काही तरी मिळते. कारागिरास काय मिळणार, तो तर कागदावर नाहीच! जी चालू राहते ती पावाचा भाव वाढविते, आणि तो भाव वडापाव खाऊन दिवस काढणारा भरतो. दादर स्टेशनाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडापाव विकावयास आरंभ केला असे मानतात. तेव्हापासून तो या शहराचे दुपारचे जेवण आहे. काही ठिकाणी मी पाहिले, नवे विजेचे यंत्र आले, कळ दाबणारा पोरगा आला, आणि चिमूटभर मैद्याने धग ओळखणाऱ्या उस्तादास निरोप मिळाला.

आमच्या मागण्या तीन-चारच आहेत आणि मोठ्या नाहीत. भट्टी बदलण्यास सरकारी मदत घेणाऱ्या मालकाने आधी कारागिरांची नावे लिहून द्यावीत. नवे यंत्र चालविण्यास जुन्याच माणसास शिकवावे. माळ्यावर झोपणे बंद करावयाचे तर खोलीची सोय करावी; नुसते बंद केले तर तो फुटपाथवर झोपेल, आणि धूर तेथेही आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हेच लोक सामान डोक्यावर घेऊन निघाले होते आणि सायकलवाल्याचा भोंगा गल्लीत वाजेनासा झाला होता. तेव्हा पुष्कळांनी मला फोन करून विचारले, पाव कोठे मिळेल? पाववाले कोठे आहेत, हे दोघांनीच विचारले.

आपल्या गावातही दोन बेकऱ्या आहेत, मी येताना पाहिल्या. एकीच्या चिमणीतून धूर येत होता, म्हणजे भट्टी लाकडाचीच असावी. तिथे किती माणसे आहेत आणि ती कोठे झोपतात, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकले तर मला ऐकावयास आवडेल. प्रश्न विचारावेत, माझी गाडी रात्री अकराची आहे.