एका पराभूत विधेयकाचा दिवस

(गारगोटी येथे शिक्षक, विद्यार्थी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कायदेमंडळाच्या कामकाजाची वार्ता सर्वसामान्य नागरिकापर्यंत पोहोचते ती बहुधा निकालाच्या रूपाने. अमुक विधेयक संमत झाले, तमुक फेटाळले गेले, एवढेच वर्तमानपत्राच्या मथळ्यात वाचावयास मिळते. विधेयक कोणकोणत्या पायऱ्या चढून कायदा बनते, सभागृहात बोलणारा कोणासाठी बोलतो आणि मतदानात हरलेल्याच्या पदरीही काही पडते काय, याचा विचार क्वचितच होतो. या प्रश्नांची उत्तरे देणारा एक दिवस भारताच्या संसदीय इतिहासात आहे. तो दिवस १९ मार्च १९१२ हा होय. त्या दिवशी कलकत्ता येथे भरलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळाने नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले. या घटनेला आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तथापि गारगोटीशी आणि एकंदर कोल्हापूर जिल्ह्याशी तिचे नाते वरवर दिसते त्याहून निकटचे आहे.

कागलचा विद्यार्थी

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. परंतु त्यांचे बालपण गेले ते कागल येथे. वडील कृष्णराव तेथे नोकरीस होते. १८७९ मध्ये वडील निवर्तले तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या आठ रुपयांवर कोल्हापुरात काटकसरीने राहून गोपाळरावांनी शिक्षण पुढे चालविले. राजाराम कॉलेजात काही काळ शिकून पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये पदवीधर झाले. गरिबाच्या घरी शाळेची फी ही केवढी मोठी रक्कम असते, हे त्यांनी पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नव्हती.

पुढे फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन, मुंबईच्या कायदेमंडळातील कार्य आणि १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्यत्व असा त्यांचा प्रवास झाला. अर्थसंकल्पावरील त्यांची भाषणे आकडेवारीच्या भक्कम आधारामुळे सरकारी बाकांवरही आदराने ऐकली जात.

सभागृह कसे होते?

आजच्या लोकसभेचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून त्या सभागृहाची कल्पना करता येणार नाही. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर निवडून आलेल्या सदस्यांची संख्या वाढली होती, सदस्यांना ठराव मांडण्याचा अधिकारही मिळाला होता. परंतु मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारी अधिकाऱ्यांचे मताधिक्य हेतुपुरस्सर कायम ठेवण्यात आले होते. निवडून आलेले सदस्यही सामान्य जनतेच्या मतांवर येत नसत. प्रांतिक कायदेमंडळांचे सदस्य, जमीनदार, व्यापारी मंडळे अशा मर्यादित मतदारसंघांतून त्यांची निवड होई. अध्यक्षस्थान गव्हर्नर जनरलचे. सरकारची इच्छा नसेल तर कोणतेही विधेयक संमत होणे अशक्य, हे प्रत्येक सदस्यास ठाऊक असे. अशा सभागृहात बिनसरकारी सदस्याने संपूर्ण देशाच्या शिक्षणाचे विधेयक आणणे, हेच मुळी धाडसाचे काम होते.

पार्श्वभूमी अशी की, १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभर माणसांमागे साक्षर होती ती सुमारे सहा. सक्तीच्या शिक्षणाची मागणी नवीन नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे आग्रहाने मांडले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला. एका देशी राजास जे साधते ते साम्राज्य सरकारला का साधू नये, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला होता.

गोखले यांनी मार्च १९१० मध्ये प्रथम ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो त्यांनी मागे घेतला. आश्वासनातून पुरेसे काही निष्पन्न न झाल्याने १६ मार्च १९११ रोजी त्यांनी रीतसर विधेयकच सादर केले. त्यानंतर ते मत अजमावण्यासाठी प्रांतिक सरकारांकडे, स्थानिक संस्थांकडे आणि जाणत्या व्यक्तींकडे पाठविण्यात आले. वर्षभर देशातील सभांतून आणि वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. एका विधेयकाच्या निमित्ताने शाळा हा विषय चावडीपासून कौन्सिलपर्यंत सर्वत्र बोलला जाऊ लागला, ही त्या वर्षाची कमाई लहान नव्हती.

विधेयकात काय होते?

विधेयकाच्या तरतुदी आज वाचल्या तर त्यांचा सावधपणा प्रथम नजरेत भरतो. शिक्षणाची सक्ती एकदम साऱ्या देशावर लादावयाची नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा जिल्हा लोकल बोर्डाच्या क्षेत्रात मुलांचे ठराविक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, त्याच क्षेत्रात ती लागू व्हावयाची होती. हे प्रमाण सरकारनेच ठरवावयाचे होते. स्थानिक संस्थेने आपण होऊन निर्णय घ्यावा आणि त्यास प्रांतिक सरकारची पूर्वसंमती असावी, अशी दुहेरी अट होती. सक्ती प्रथम सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती. मुलींना ती पुढे लागू करता येईल, अशी सोय होती. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, असे स्पष्ट कलम होते. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणकर बसविण्याची मुभा होती आणि एकूण खर्चापैकी दोन तृतीयांश सरकारने, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा, अशी अपेक्षा होती.

मुलींचा प्रश्न पुढे ढकलणे ही या विधेयकाची मोठी उणीव होती, असे आज म्हणावे लागेल. परंतु विरोधकांना आक्षेपास कमीत कमी जागा राहावी, या धोरणाने प्रत्येक कलम रचलेले होते. इंग्लंडमधील १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडमधील १८९२ चा असे तेथील शिक्षणविषयक कायदे त्यांनी आधारासाठी डोळ्यांसमोर ठेवले होते. राज्यकर्त्यांच्याच देशातील उदाहरण राज्यकर्त्यांपुढे ठेवण्याची ही त्यांची पद्धत होती.

१८ आणि १९ मार्च

१८ मार्च १९१२ रोजी गोखले यांनी प्रस्ताव मांडला तो विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याचा. प्रवर समिती म्हणजे विधेयकाची कलमवार तपासणी करणारी सदस्यांची छोटी समिती. तिच्याकडे विधेयक पाठविल्याने त्याचा कायदा होत नाही. त्यात दुरुस्त्या सुचविता येतात, त्याचे दोष काढून टाकता येतात. म्हणजे मागणी होती ती केवळ अधिक विचार करण्याची. सरकारने या पहिल्या पायरीवरच दार लावून घेतले.

शिक्षणखात्याचे सदस्य सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारची बाजू मांडली. सक्तीला लोकांचा पाठिंबा नाही, प्रांतिक सरकारे प्रतिकूल आहेत, स्थानिक संस्था नवा कर बसविण्यास राजी नाहीत, स्वेच्छेच्या मार्गाने शिक्षण वाढविण्यास अद्याप भरपूर वाव आहे आणि सक्तीच्या अंमलबजावणीत प्रशासकीय अडचणी आहेत, असा सरकारी युक्तिवादाचा सारांश होता. बिनसरकारी सदस्यांपैकीही काहींनी विरोध केला. पंडित मदनमोहन मालवीय आणि बॅरिस्टर जिना हे पाठिंबा देणाऱ्यांत होते. पुढे ज्यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या झाल्या, ते दोघे त्या दिवशी खेड्यातील मुलाच्या पाटीपेन्सिलीसाठी एका बाजूला उभे होते, याची नोंद घेण्यासारखी आहे.

दोन दिवसांच्या चर्चेअखेर गोखले उत्तरास उभे राहिले. दिवस मावळण्यापूर्वी आपले विधेयक फेटाळले जाणार, हे त्यांनी स्वतःच सभागृहास सांगितले. त्याबद्दल तक्रार नाही आणि निराशाही नाही, असेही ते म्हणाले. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, यशाने सेवा करणारे स्त्रीपुरुष मागाहून येतील, या आशयाचे त्यांचे उद्गार पुढे प्रसिद्ध झाले. मग मतविभागणी झाली. बाजूने १३, विरुद्ध ३८. कामकाज पुढील विषयाकडे वळले.

पराभवानंतर

या पराभवाचे फळ लगेच दिसू लागले होते असे नव्हे. परंतु सरकारला गप्प बसता आले नाही, हे खरे. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची घोषणा झालीच होती. २१ फेब्रुवारी १९१३ रोजी सरकारने शिक्षणविषयक धोरणाचा ठराव प्रसिद्ध केला. त्यात सक्तीस नकार असला, तरी प्राथमिक शिक्षणाच्या विस्ताराची जबाबदारी मान्य करण्यात आली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत ब्रिटिश हिंदुस्थानात सक्तीचा कायदा झाला नाही.

कलकत्त्याने नाकारलेली ही गोष्ट त्यानंतर पाच वर्षांनी प्रत्यक्षात आली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली आणि या कार्यासाठी दरबारच्या खजिन्यातून मोठी रक्कम बाजूस काढली. करवीर पेट्यातील चिखली येथे १९१८ मध्ये या योजनेची प्रत्यक्ष सुरुवात झाली. भुदरगड पेटाही याच संस्थानाचा भाग होता. ज्या कोल्हापुरात गोपाळराव आठ रुपयांत महिना काढून शिकले, त्याच कोल्हापुरात त्यांच्या मागणीस राजाज्ञेचे रूप मिळाले. १९१८ मध्येच विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिका क्षेत्रांपुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा, आणि तोही एका बिनसरकारी सदस्याने आणलेला.

गारगोटीचे योगदान

या कथेत गारगोटीचे स्वतःचे असे स्थान आहे. १९४२ च्या डिसेंबरात येथील कचेरीवर चालून जाऊन ज्यांनी प्राणार्पण केले, त्यांनी या भूमीला स्वातंत्र्याच्या इतिहासात नेऊन बसविले. स्वातंत्र्यानंतर याच भूमीत मौनी विद्यापीठ वाढीस लागले. डॉ. व्ही. टी. पाटील यांच्याबरोबर ज्यांनी या संस्थेसाठी आपली बुद्धी व श्रम वेचले, ते शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक याच जिल्ह्याचे सुपुत्र. सय्यद नुरुल्ला यांच्या समवेत त्यांनी लिहिलेला भारतीय शिक्षणाचा इतिहास हा अभ्यासकांचा आधारग्रंथ मानला जातो आणि गोखले विधेयकाची कहाणीही त्यात आहे. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम करताना सर्वांपर्यंत शिक्षण नेण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा राष्ट्रापुढे ठेवला.

संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले होते. ती मुदत १९६० मध्ये उलटली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षणास मूलभूत हक्काचा दर्जा दिला. त्यास अनुसरून आलेले विधेयक राज्यसभेने २० जुलै २००९ रोजी आणि लोकसभेने ४ ऑगस्ट २००९ रोजी संमत केले. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलात आला. कलकत्त्यातील त्या मतविभागणीस तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती. गोखले यांनी मुलग्यांपुरती आणि दहाव्या वर्षापर्यंत मागितलेली गोष्ट सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलामुलीचा हक्क ठरली.

आजच्या नागरिकासाठी

आजही लोकसभेत शुक्रवारच्या बैठकीतील शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखून ठेवले जातात. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ चौदाच विधेयके कायद्याच्या रूपास पोहोचली आणि त्यांतील शेवटचे १९७० मध्ये. यावरून हे कामकाज निरर्थक ठरविणे घाईचे होईल. सभागृहात नोंदलेला शब्द पुसला जात नाही. तो उत्तर मागत राहतो आणि कधी दुसऱ्या सभागृहात, कधी दुसऱ्या पिढीत त्याचे उत्तर मिळते.

मात्र कायदा संमत झाला म्हणजे मूल शाळेत बसले, असे होत नाही. गोखले यांचे विधेयक स्थानिक संस्थेच्या इच्छेवर विसंबून होते, आणि आजचा कायदाही गावाच्या जागरूकतेवाचून लुळा पडतो. या कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. महाराष्ट्रातील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. भुदरगडच्या डोंगरकपारीतील वाड्यांना पावसाळ्यात या अंतराचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर आलेल्या मुलास वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. ही तरतूद कागदावर आहे. ती फडातील खोपटापर्यंत नेणारा माणूस गावातच असतो.

समितीची बैठक भरते काय, तिच्यात पालक माता बोलतात काय, खोपटातील मुलांची नावे हजेरीपटावर चढतात काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामस्थास आहे. १९१२ साली हे प्रश्न विचारण्यासाठी साऱ्या देशातून तेरा मते उभी राहिली. आज एका गावाच्या ग्रामसभेत त्याहून कितीतरी अधिक हात वर होऊ शकतात.