दोनदां वाचलेली हुंडी

पेढीवर हुंडी घेऊन एक गिऱ्हाईक आलें आहे अशी कल्पना करावी. मुनीम रक्कम वाचतो, वहीशीं ताडून पाहतो, आणि हुंडी गिऱ्हाइकाच्या हाताशींच फळीवर ठेवून तिजोरीकडे वळतो. परत येऊन तो ती पुन्हां वाचतो व दिसेल ती रक्कम मोजून देतो. मधल्या क्षणांत गिऱ्हाइकानें कागद बदलला असेल तर? मुनिमानें तपासणींत कसूर केलेली नाहीं. तरी पेढी बुडाली! संगणकाच्या ‘विंडोज’ या कार्यप्रणालींत नेमका असाच दोष अनेक ठिकाणीं दडून राहिला होता.

पडद्यावरील चौकटी व चित्रें यांचा कारभार पाहणारा तिचा भाग ‘विन-३२-के’ या नांवानें ओळखला जातो. १९९६ सालीं ‘एन्. टी.’च्या चौथ्या आवृत्तींत, वेग वाढावा म्हणून, तो प्रणालीच्या गाभ्यांत नेण्यांत आला. चित्रें झरझर उमटूं लागलीं हें खरें; पण रंगाऱ्याला तिजोरीच्या खोलींत बसविण्यापैकींच हा प्रकार! गाभ्यांत शिरकाव झाला कीं सारें यंत्रच हातीं आलें.

साधा प्रोग्राम या भागाला स्मृतींतील एक पत्ता देतो. तो राखीव प्रदेशांतला नाहीं ना, हें पाहिलें जातें. आणि मग वापरण्यासाठीं तोच पत्ता प्रोग्रामच्याच स्मृतींतून पुन्हां वाचला जातो. आजच्या यंत्रांत प्रोग्रामचे दोन हात एकाच वेळीं चालतात. एक हात काम सांगतो, दुसरा त्याच निमिषांत पत्ता बदलतो. एकदां साधलें नाहीं तर सहस्र वेळां प्रयत्न करावा. यंत्राला कंटाळा कोठला?

असा दोष नित्याच्या वापरांत कधींच दिसत नाहीं, कारण प्रामाणिक गिऱ्हाईक हुंडी बदलीत नाहीं. मातेउश युर्चिक व जिनवेल कोल्डविंड या पोलंडच्या दोघां संशोधकांनीं त्यासाठीं वेगळीच युक्ति योजिली. ‘बॉक्स’ नांवाच्या, संगणकाचें सोंग घेणाऱ्या प्रोग्रामच्या पोटांत त्यांनीं सबंध विंडोज चालविली, गाभ्याच्या प्रत्येक वाचनाची नोंद ठेविली, आणि एकाच कामांत एकच जागा दोनदां कोठें वाचली जाते तेवढें निवडून काढलें. १२ फेब्रुवारी २०१३ रोजीं मायक्रोसॉफ्टनें या एकाच भागांतील असे ३० दोष एकदम दुरुस्त केले.

हल्लेखोराला आधीं त्या यंत्रावर प्रवेश हवा, म्हणून कंपनीनें हे दोष सर्वांत वरच्या श्रेणींत धरले नाहींत. हें समाधान तोकडेंच. चोर ओसरीवर दुसऱ्या वाटेनेंहि येतो. तेथून माजघरांत नेणारी वाट हीच होती.

उपाय मात्र मुनिमाला सहज समजेल असा: हुंडीची नक्कल प्रथम आपल्या मेजावर उतरून घ्यावयाची, तीच तपासावयाची आणि तिच्यावरूनच पैसे मोजावयाचे, फळीवरचा कागद पुन्हां पाहावयाचाच नाहीं.