मुंगीचं दुसरं पोट



मी कॉम्प्युटर इंजिनिअर. मुंग्यांवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की त्या मला कडकडून चावल्या आहेत! कॅरीत घर घेतलं, त्या पहिल्याच उन्हाळ्यात लॉनवर अनवाणी गेलो आणि पाय फोडांनी भरला. दुसऱ्या दिवशी अंगणभर विषारी दाणे टाकले. वर्षभरात वारुळं पुन्हा हजर! मग मात्र वाचायला बसलो.

या फायर अँट्स इथल्या नव्हेत. १९३०च्या दशकात त्या दक्षिण अमेरिकेतून जहाजांबरोबर अलाबामातल्या मोबील बंदरात उतरल्या. १९४२ साली तिथे त्यांची नोंद करणारा शाळकरी मुलगा म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन. जन्मभर मुंग्या पाहणाऱ्या या माणसाने २०१६ मध्ये निम्मी पृथ्वी निसर्गासाठी राखून ठेवा, असं सांगितलं.

मुंग्यांत राणी हुकूम सोडत नाही, ती अंडी घालते. कामं चालतात ती गंधाच्या खुणांवर. शिवाय कित्येक जातींत मुंगीला जणू दोन पोटं असतात. एक स्वतःचं, दुसरं समाजाचं. दुसऱ्यातलं ती बहिणींना भरवते. विषारी दाणे काम करतात ते या भरवण्यामुळेच.

पण आपल्या रानात मूळच्या मुंग्याही आहेत. ब्लडरूट, ट्रिलियम या रानफुलांच्या बीला तेलकट गर चिकटलेला असतो. मुंगी बी घरी नेते, गर अळ्यांना घालते आणि बी टाकून देते. तिथे नवं रोप येतं. मुंगी गेली, की फूलही मागे पडतं.

माझे तेलकट दाणे या मुंग्यांनीही उचलले असणार. परक्यांना अडवणारे शेजारी मीच घालवले आणि जागा मोकळी करून दिली!

म्हणून सांगतो, औषध टाकायचंच तर फायर अँट्सच्या वारुळापुरतं टाका. झाडांखालचा पाचोळा, कुजका ओंडका राहू द्या. फायर अँट्सना उघडं, उन्हातलं लॉन आवडतं. इथल्या मुंग्यांना ती सावली हवी असते.

आणि हो, आज देणगीचा चेक लिहिताना मुंगीचं ते दुसरं पोट जरूर आठवा. आपल्यालाही ते आहे, फक्त अधूनमधून उघडावं लागतं!