शुश्रूषेचे हात आणि स्वयंपाकाचे हात

पोटाचा फ्लू या नावाने हल्ली ओळखला जाणारा आजार म्हणजे विषाणूंमुळे जठराला आणि आतड्यांना येणारी सूज होय. वैद्यकशास्त्रात त्याला विषाणुजन्य जठरांत्रदाह म्हणतात आणि सर्दी-खोकल्याच्या फ्लूशी त्याचा काहीही संबंध नाही. एकाएकी सुरू होणाऱ्या उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात येणारी कळ आणि अंगातील कणकण ही त्याची लक्षणे असून बहुतेक धडधाकट माणसे काही दिवसांत आपोआप बरी होतात. मात्र हा आजार सहसा एका माणसावर थांबत नाही. मुलाचे जुलाब थांबतात न थांबतात तोच आई अंथरूण धरते आणि तिच्यामागून आजी किंवा तान्हे बाळ, म्हणजे ज्यांना तो सर्वांत कमी सोसतो तेच, त्याच्या तावडीत सापडतात. याचे खापर बहुधा पावसाळ्यातील गढूळ पाण्यावर किंवा बाहेरच्या खाण्यावर फोडले जाते आणि पहिल्या रुग्णापुरते ते खरे असूही शकते. परंतु त्याच घरातील पुढच्या रुग्णांना आजार पोहोचवण्याचे काम बहुतेक वेळा घरातलेच हात करतात.

या आजाराला कारणीभूत होणाऱ्या विषाणूंपैकी दोन प्रमुख आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावी १९६८ साली एका शाळेत उलट्यांची साथ आली आणि तिथल्या नमुन्यांतून १९७२ साली अल्बर्ट कॅपिकियन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने जो विषाणू दाखवून दिला, तो आज नोरोव्हायरस म्हणून ओळखला जातो. त्याच्या पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्यांत चाकाच्या आकाराचा रोटाव्हायरस शोधला. रोटाव्हायरस मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना गाठतो आणि आपल्या देशात त्याचा जोर थंडीच्या महिन्यांत अधिक असतो, त्यामुळे पाऊस संपला म्हणजे जुलाबाचे भय संपले हा समज बाळगणे धोक्याचे आहे. नोरोव्हायरसला मात्र वयाचे बंधन नाही.

शरीरात विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. नोरोव्हायरसच्या बाबतीत तो अवघा १२ ते ४८ तासांचा असतो आणि अठरा-वीस ते शंभर इतके थोडे विषाणूकणही नव्या माणसाला आजारी पाडू शकतात; उलट रुग्णाच्या चिमूटभर विष्ठेत त्यांची संख्या अब्जावधींत असते. उलटी होते तेव्हा त्यातील सूक्ष्म तुषार आसपासच्या फरशीवर, भांड्यांवर आणि अंथरुणावर बसतात व तिथे विषाणू कित्येक दिवस तग धरतो. त्यात भर म्हणजे या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण नसते. करोनाच्या विषाणूचे असे आवरण अल्कोहोलने विरघळत असल्यामुळे सॅनिटायझरची बाटली घरोघरी पोहोचली, परंतु नोरोव्हायरसवर तिचा भरवसा धरता येत नाही. इथे वाहते पाणी आणि साबण यांनाच पर्याय नाही, कारण साबणाने हात किमान वीस सेकंद चोळले असता विषाणू त्वचेवरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. नखांखालची जागा, अंगठ्या आणि बांगड्यांखालचे मनगट या जागा नेमक्या राहून जातात, म्हणून त्या जाणीवपूर्वक धुवाव्या लागतात.

या साऱ्याचा विचार करता सर्वांत महत्त्वाचा बदल घरातील कामाच्या वाटणीत करावा लागतो. बहुसंख्य मराठी घरांत मुलाचे ढुंगण धुणारी, उलटी पुसणारी, दुपटी आणि चादरी धुणारी जी स्त्री असते, तीच पुढच्या घटकेला कणीक मळायला बसते, आणि तिने कितीही काळजी घेतली तरी दिवसातून दहा वेळा ही दोन कामे आलटून-पालटून करताना एखादे वेळी हात धुवायचे राहणारच. तान्ह्या बाळाची शी निर्मळ असते असा एक प्रेमळ समज आहे. रोटाव्हायरसच्या संदर्भात तो साफ खोटा आहे. म्हणून घरात रुग्ण असेपर्यंत शुश्रूषा एकाने आणि स्वयंपाक दुसऱ्याने करावा, आणि हा दुसरा माणूस घरातील पुरुष असला तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण चार दिवस खिचडी शिजवणे हे त्या घरापुरते सर्वांत परिणामकारक प्रतिबंधक औषध आहे. ज्याला स्वतःला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील त्याने त्या थांबल्यानंतरही किमान ४८ तास स्वयंपाकात हात घालू नये, आणि आजारी मुलाला तोवर शाळेत पाठवू नये. बरे वाटू लागल्यानंतरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विष्ठेतून विषाणू बाहेर पडत असल्यामुळे हात धुण्याचा नेम पुढेही चालू ठेवावा लागतो. पिण्याचे पाणी उकळून घेतले तरी माठात पेला आणि त्याबरोबर बोटे बुडवली तर उकळण्याचा उपयोग उरत नाही. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

उलटी झालेली जागा केरसुणीने झाडू नये. जुन्या वर्तमानपत्राने ती झाकून, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून सगळे उचलावे, पिशवीत बांधून टाकावे आणि मगच जंतुनाशक वापरावे. फिनेलच्या वासाने फरशी स्वच्छ झाल्यासारखी वाटते, तरी या विषाणूवर विश्वासाने वापरावे असे द्रव्य क्लोरीनचेच आहे. बाजारातील साध्या घरगुती ब्लीचमध्ये साधारणतः ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते; त्याचे २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे, एक लिटर पाण्यात मिसळून ते द्रावण त्या जागेवर दहा मिनिटे राहू द्यावे. खेड्यात विहिरीसाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर ताजी असल्यास लिटरभर पाण्याला तिचे ३ ते ४ ग्रॅम पुरतात. नळाची चावी, कडी, फ्लशचे बटण आणि शौचालयातील टमरेल हीदेखील याच द्रावणाने पुसावीत. मात्र संडास धुण्याच्या आम्लात ब्लीच कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. मळलेले कपडे न झटकता वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

रुग्णाच्या जिवाला धोका विषाणूपेक्षा शोष पडण्यामुळे, म्हणजे शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, अधिक असतो. जुलाब चालू असतानाही आतडे साखर आणि मीठ एकत्र मिळाल्यास ती शोषून घेते आणि त्यांच्याबरोबर पाणीही ओढले जाते, या तत्त्वावर जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस आधारलेले आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ही साखर-मिठाची भुकटी पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजण्याची व्यवस्था केली. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पूर्ण कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर आणि मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर जलसंजीवनी चमच्याचमच्याने द्यावी, आणि उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. फळांची गोड पेये आणि शीतपेये यांतील जादा साखरेने जुलाब वाढतात.

अंगावरचे दूध कदापि तोडू नये, आणि इतरांना पेज, मऊ भात, ताक, मुगाची खिचडी द्यावी. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याने त्याची शक्तीच खचते. विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देणे घातक ठरू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले झिंक मात्र चौदा दिवस पूर्ण करावे. डोळे किंवा बाळाची टाळू खोल जाणे, सहा ते आठ तास लघवी न होणे, पाणीही पोटात न टिकणे, विष्ठेत रक्त दिसणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

रोटाव्हायरसवर तोंडावाटे द्यायची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली असून या रोगावरची एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच तयार होते. तिचे तीन डोस बाळाच्या वयाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, आणि पहिला डोस चुकला असल्यास तो एक वर्षाच्या आत घेता येतो. ज्या घरात तान्हे बाळ आहे, तिथल्या श्रोत्यांनी त्याचे लसीकरण कार्ड आजच काढून या तीन नोंदी तपासाव्यात.