अहो, दाढी करू या?

कर्जत-खालापूरची कितीतरी मुलं पहाटेची लोकल धरतात. मागे घरी, स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्याच वाट्याला येते. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३मध्ये मांडला गेला. ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतपंडित आठवतात ना? विद्वत्ताही या आजाराला आडवी येत नाही.

दाढीला बसवताना मागून हात लावू नये, दचकतात. समोर बसावं. “अहो, साबण लावते हं,” एवढंच म्हणावं. तो लावून झाला की पुढचं. ब्रश त्यांच्याच हातात द्यावा. चाळीस वर्षांची सवय बोटांत उरलेली असते, आणि फेस कानापर्यंत गेला तर जाऊ द्या! आरशातला माणूस परका वाटून ते घाबरत असतील, तर आरशावर टॉवेल टाकावा.

ब्लेडपेक्षा इलेक्ट्रिक शेव्हर बरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. आधी तो त्यांच्या तळहातावर चालवून आवाजाची ओळख करून द्यावी. नखं आंघोळीनंतर, मऊ असताना कापावीत.

नाही म्हणाले, तर हुज्जत नको. अर्ध्या तासाने पुन्हा विचारावं.

एकाएकी चिडचिड वाढली, तर दातदुखी किंवा लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे १४५६७. आणि स्वतः थकलात, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.