नामा, कुणाचा नामा?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला उभा राहिलो की बोलायला सुचतं, पण कागद हातात धरून बोलायची ही पहिलीच वेळ. नातीनं लिहून दिलंय. कुठं चुकलं तर चूक माझी, तिची नाही.

समितीनं सांगितलं, दिंडीची एखादी आठवण सांगा. मी एका नावाची गोष्ट सांगतो. नाव दोन अक्षरांचं, नामा. माझंही तेच.

यंदा आपल्या दिंडीत सात नामदेव चालले. लांबा नामा, पखवाजी नामा, वरच्या आळीतला, खालच्या आळीतला, सगळे इथं बसलेत. रस्त्यात कुणी "ए नामा" म्हणून हाक मारली की सातही माना वळतात. जेवायला वाढणाऱ्यानं एकदा एकाच नामाला दोन पानं वाढली आणि दुसरा तसाच झोपला. तो दुसरा मीच होतो, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

हे नाव आपल्याकडं एवढं का पिकलं, हे तुम्हाला सांगायला नको. दामाशेटी शिंप्याचा, गोणाईचा नामा. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला तर गावाच्या नावातच नामदेव आहे, नरसी नामदेव म्हणतात. पंढरीत महाद्वाराला आपण वाकतो ती नामदेव पायरी. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीला महाराज तिथं समाधिस्थ झाले असं आपण मानतो. संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून माणसानं देवळातली जागा मागितली नाही, पायरीची मागितली. आणि तिकडं पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात घुमान नावाचं गाव आहे. तिथंही महाराजांचं स्थान आहे. ते लोक त्यांना भगत नामदेव म्हणतात आणि शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरलं होतं. आपल्यातले दोघंतिघं गेले होते. परत आल्यावर सांगत होते, नुसतं "नामदेव" म्हटलं की तिथला माणूस हात जोडतो.

म्हणजे नाव एक आणि माणसंही एकाच संताला मानणारी. पण सगळीकडं असं नाही. विष्णुदास नामा म्हणून दुसरे कवी होऊन गेले, आपल्या नामदेवांच्या पुष्कळ नंतर. त्यांनी महाभारत मराठी ओवीत आणलं, शुकाख्यान लिहिलं. मुद्रा दोघांची नामा! उतरून घेणाऱ्यांनी दोघांचं एकाच वहीत उतरलं आणि गुंता झाला. कुठला अभंग कुणाचा, यावर शिकलेले लोक अजून भांडतात. मी तरुणपणी एका गावी कीर्तनात एक अभंग ठासून सांगितला, नामदेव महाराजांचा म्हणून. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे मास्तर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बुवा, हा नामा वेगळा." चारचौघांत बोलले नाहीत, ही त्यांची थोरवी. तेव्हापासून शंका असली तर मी नुसतं "नामा म्हणतो" एवढंच सांगतो.

आताच्या काळातलेही नामे आहेत. पळसखेडचे ना. धों. महानोर, ते नामदेवच. रानातला माणूस, पिकावर कविता केली. गोलपिठा लिहिणारे नामदेव ढसाळ, त्यांची भाषा आपल्या कानाला झोंबते, पण पोटातली आहे. आणि मराठा पलटणीतले शिपाई नामदेव जाधव. १९४५ साली इटलीत सेनिओ नदीवर सुरुंग पेरलेल्या जमिनीतून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना बाहेर काढलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पंढरीपासून इटलीपर्यंत नाव तेच, ज्याचं त्याचं काम निराळं.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

१९९१ ची वारी. मुक्काम नातेपुत्याला. आमच्या गावचे तेव्हा तीन नामदेव दिंडीत. त्यातला मळ्यातला नामा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, रात्री छातीत कळ आली म्हणाला. डॉक्टर येईपर्यंत खेळ संपला होता. पहाटे मी फोनच्या दुकानात गेलो. गावात फोन दूध डेअरीत एकच. लाइनीत नुसती खरखर. मी ओरडून सांगितलं, "मी नामदेव बोलतोय, आपला नामदेव गेला, घेऊन येतो." फोन तुटला. मला वाटलं, निरोप पोचला.

पोचला, पण माझ्या घरी.

आई अंगणात पडली. बायकोच्या मांडीवर दोन वर्षांचं पोर. गल्ली गोळा झाली. बायका तिचं कुंकू पुसायला निघाल्या तेव्हा एकीनं त्यांचे हात धरले. म्हणाली, "माणूस डोळ्यानं बघितल्याबिगर कुणी हात लावायचा नाही." ती मळ्यातल्या नामाची बायको. माझी वहिनीच म्हणा. दिवसभर ती आमच्या घरात राबली. आमच्या पोराला तिनं पाजलं-निजवलं. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिनं मळ्यात जाऊन पिठलं-भाकरी करून आणली, कडू घास म्हणून. माझ्या आईला स्वतःच्या हातानं दोन घास भरवले.

दुपार कलताना जीप आली. पुढच्या बाजूनं मी उतरलो. आईनं किंकाळी फोडली ती आनंदाची का भीतीची, मला आजही सांगता येत नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. वहिनीही बघत होती. मग तिची नजर माझ्या पाठीमागं गेली, जीपमध्ये. तिनं विचारलं, "भावजी, मग कोण?"

माझ्या तोंडून नाव निघेना. नाव माझंच होतं ना.

तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी ती डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत आली आणि पाय चालत होते तोवर येत राहिली. एकदाच, जेजुरीच्या वाटेवर, आपणहून म्हणाली, "त्या दिवशीच्या भाकरी माझ्याच घरच्या होत्या हो." एवढंच बोलली. मी पुढं होऊन तिच्या डोक्यावरची तुळस थोडा वेळ माझ्याकडं घेतली.

तर मंडळी, दिंडीची ती वही तुम्ही बघता. काही जण कुरकुर करतात की बुवा एवढं कशाला लिहून घेतात. नाव, बापाचं नाव, गाव, आळी किंवा मळा, गावात काय म्हणून ओळखतात, घरातल्या दोघांचे मोबाइल नंबर. तिचं पहिलं पान १९९२ साली मी आखलं. आणि निरोप देणाऱ्यानं आधी कोण गेलं ते पूर्ण नावानिशी सांगायचं, समोरच्याकडून तेच परत म्हणवून घ्यायचं, मग स्वतःचं नाव सांगायचं, ही रीत तेव्हापासून आहे.

पुढच्या वारीची वही आज मंडपाच्या दाराशी टेबलावर ठेवली आहे. प्रसाद घेऊन जाताना सगळ्यांनी नावं घाला. सातही नामदेवांनी आधी या. ज्याला लिहिता येत नाही त्याचं माझी नात लिहून घेईल.

रामकृष्ण हरी.