वालधुनीकाठच्या बायकांचं सांगणं

आम्ही उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या बचत गटाच्या बायका बोलतोय.

गावाकडून पाहुणी आली की विचारते, "कॅम्प म्हणजे काय गं? तंबूत राहता का?" तर ऐका. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी होती. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारनं इथं आसरा दिला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. छावणीचे पाच भाग मात्र कॅम्प १ ते ५ म्हणूनच राहिले.

आलेल्या लोकांनी हात चालवले. पापड, लोणची, शिवणकाम आणि पुढे जीन्स. आमच्यासारखी मराठी कुटुंबं कामासाठी मागून आली. जीन्सचे धागे कापून आम्ही घरं चालवली. मजुरी नगामागे.

पण शिवलेली जीन्स धुवावी लागते, रंग उतरवून मऊ करावी लागते. त्याला पाणी भरपूर आणि रसायनंही. ते निळं पाणी गेलं वालधुनीत. हीच नदी वर अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून वाहते. त्या मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. देवळाजवळची नदी आमच्यापर्यंत येईतो नाला झाली.

प्रकरण कोर्टात गेलं. २०१८ च्या सुमारास धुलाईचे कारखाने बंद झाले. नदीसाठी ते बरंच झालं, पण आमच्या हातचं कामही कमी झालं. आम्हाला दोन्हीचं दुःख आहे.

हे तुम्हाला का सांगतो? इथून उठलेला धंदा आसपासच्या गावांत जागा शोधतो. कोणी शेड भाड्यानं मागायला आलं, तर नुसतं भाडं विचारू नका. सांडपाणी कुठं सोडणार? ते शुद्ध करायची सोय कुठंय? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दाखवा म्हणा. ग्रामसभेत हे उभं राहून विचारा, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

काम यावंच गावात. पण विहिरीचं पाणी देऊन नको. आम्ही वेळेवर विचारलं नाही, तुम्ही विचारा.